काकाजींची हजेरी : वर्धाकाठच्या एका गुरुदेव सेवकाविषयी

वर्धाकाठ (धागाकर्ता)

माझे मोठे काका, ज्यांना घरचे आणि गावचे सगळेच काकाजी म्हणत, गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता वारले. त्यांचे वय ८५ होते. ते शिवणकाम करत, घरची साडेचार एकर कोरडवाहू जमीन होती, आणि तरुणपणापासून शेवटपर्यंत त्यांनी आमच्या गावातील, तुकडोजी महाराजांच्या श्री गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखेचे काम पाहिले. ते गेल्यावर तालुक्याच्या एकदोन पत्रांत श्रद्धांजलीचा मजकूर आला. त्यात ‘सेवाव्रती’, ‘निष्ठावान’ आणि ‘समर्पित’ हे शब्द इतक्या वेळा होते की काकाजी रोज उठून नेमके काय करत असत, हे वाचणाऱ्याला कळले असेल असे मला वाटत नाही. ते लिहून ठेवावे म्हणून हा धागा काढत आहे. आमच्या भागातील जे कोणी येथे असतील त्यांनी भर घालावी, आणि माझे चुकत असेल तेथे संकोच न करता सांगावे.

विदर्भाबाहेरच्या अनेकांना मंडळ म्हणजे खंजिरीवरचे भजन एवढेच ठाऊक असते, म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो. तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला आणि १९३५ साली त्यांनी मोझरीजवळ गुरुकुंज आश्रम उभा केला. आमच्या आर्वी तालुक्यातून वर्धा नदी ओलांडली की तिवसा तालुका लागतो आणि गुरुकुंज तेथेच आहे, त्यामुळे आमच्याकडे मंडळ ही बाहेरून आलेली गोष्ट कधीच नव्हती. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीला लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, त्याच दिवशी चिमूरलाही उठाव झाला, आणि पुढे त्याच महिन्यात महाराजांना अटक होऊन त्यांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. काकाजी तेव्हा अगदी लहान होते. आष्टीच्या गोष्टी त्यांनी आजोबांकडून ऐकल्या आणि आम्ही त्यांच्याकडून. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे देहावसान झाले, तेव्हा ऐन तिशीच्या उंबरठ्यावर असलेले काकाजी नदी ओलांडून गुरुकुंजात गेले होते, आणि तेथून परतल्यावर गावातील शाखेची किल्ली त्यांनी आपल्याकडे घेतली, ती शेवटच्या आजारापर्यंत त्यांच्याच कंबरेला होती.

आता मूळ गोष्ट. मंडळाच्या शाखेत पहाटे सामुदायिक ध्यान आणि सूर्यास्ताच्या सुमारास सामुदायिक प्रार्थना होते. समोर अधिष्ठान असते, लोक सरळ ओळींत बसतात, आणि प्रार्थना कोणत्याही एका पंथाची नसते. काकाजी भगवी टोपी घालून ओळीच्या टोकाला बसत. डोळे मिटण्यापूर्वी त्यांची नजर बसलेल्या माणसांवरून एकदा फिरे आणि मग ते प्रार्थनेत पूर्ण बुडून जात. प्रार्थना संपली की ते सरळ घरी येत नसत. ज्याची नेहमीची जागा रिकामी दिसली असेल त्याच्या दारावरून ते येत आणि अंगणातूनच विचारत, “काऊन आला नाही बाप्पा आज? तब्येत बरी हाय ना?” कुणी सांगे की शेतातून यायला उशीर झाला, कुणी सांगे की पाहुणे आले, आणि एखादा तोंडावर सांगे की आज कंटाळा आला. कंटाळ्यावर काकाजींनी कधी प्रवचन दिल्याचे मला आठवत नाही. पण पुष्कळदा उत्तर निराळे असे: मुलाला ताप आहे, बैल बसला आहे, लेक सासरहून परत आली आहे, सोसायटीची नोटीस आली आहे.

ही उत्तरे ते घरी येऊन लिहून ठेवत. त्यासाठी वेगळी वही नव्हती. गिऱ्हाइकांची मापे लिहायच्या वहीची मागची पाने त्यांनी यासाठी ठेवली होती. त्यामुळे त्यांच्या वह्यांत पुढून उघडले की छाती, कंबर, बाही असे आकडे दिसतात आणि मागून उघडले की गावाची दुखणी दिसतात. मंडळाची बहुतेक कामे या मागच्या पानांतून निघाली. आजारी माणसाला तालुक्याच्या दवाखान्यात नेण्यासाठी आळीपाळीने बैलगाडी, आणि पुढे मॅटेडोर, देण्याची पद्धत तेथूनच पडली. बाळंतिणीच्या घरी पाणी भरून देण्याचे काम मंडळाच्या मुलांकडे आले. मुलीच्या लग्नापायी शेत गहाण पडू नये म्हणून सामुदायिक विवाहात नाव घालायला दोन घरे तयार झाली, तीही त्यांच्या फेऱ्यांमुळेच.

प्रार्थनेने मन शांत होते, असे काकाजी आम्हाला कधी सांगत नसत. त्यांची श्रद्धा फार साधी होती आणि मला ती अजूनही विलक्षण वाटते. गावाने रोज एका वेळी एका ठिकाणी जमावे म्हणजे कोण आले नाही ते कळेल, आणि ही सोय देवानेच करून ठेवली आहे, असे ते मनापासून मानत. ज्या दिवशी सगळ्या जागा भरलेल्या असत त्या दिवशी ते घरी लवकर येत आणि विशेष आनंदात असत.

मोवाडच्या पुराविषयी लिहिल्याशिवाय हे पुरे होणार नाही. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातील मोवाड उद्ध्वस्त केले आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. नदी तीच, आम्ही फक्त खालच्या अंगाला राहतो. काकाजी गावातली दहाबारा माणसे, पाट्या, फावडी आणि ज्वारीच्या पिठाची पोती घेऊन एका ट्रकमधून तिकडे गेले. तेथे कुणीतरी हे देवाच्या कोपामुळे झाल्याचे बोलू लागला, तेव्हा काकाजी त्या बोलण्यात पडले नाहीत, उठून दुसऱ्या घरातला चिखल काढायला गेले, असे त्यांच्याबरोबरचे लोक सांगतात. पण मोवाडहून आल्यानंतर त्यांच्या वहीत एक नवी यादी सुरू झाली. नदीकडच्या आळीतील कोणत्या घरात चालू न शकणारे माणूस आहे, कोणत्या घरात एकटी बाई राहते, कुणाला कमी ऐकू येते, आणि रात्री पाणी चढले तर त्यांना उचलून आणायला कोणते दोघे जातील, हे त्यात लिहिलेले असे. दर ज्येष्ठात ते ही यादी नव्याने करत, कारण दरवर्षी कुणी मेलेले असे आणि कुणी म्हातारे झालेले असे. सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणाचे दरवाजे उघडल्याची खबर आली की त्या जोड्या आपापल्या घरी जाऊन उभ्या राहत. आज शासन याला आपत्ती व्यवस्थापन म्हणते आणि त्याची छापील नमुनापत्रके येतात. काकाजींच्या यादीत नमुनापत्रकापेक्षा एक गोष्ट जास्त होती, ती म्हणजे त्या म्हातारीला कोणाचा हात धरून चालायला आवडते याची नोंद.

जूनमध्ये शाळेचे गणवेश शिवायचे काम त्यांच्याकडे येत असे आणि त्यातले बरेचसे उधारीवर असे. पोळ्याच्या दिवशी ते वहीतील अशी काही पाने फाडून टाकत, ज्यांचे पैसे येणे शक्य नाही असे त्यांना वाटे. हे काकूंना माहीत नाही, अशी त्यांची समजूत होती.

पांदणरस्ता

लेख आवडला. मी मूळचा अकोला जिल्ह्यातला, पण माझे सगळे आयुष्य शहरात गेले आहे, त्यामुळे एक प्रश्न मोकळेपणाने विचारतो, राग मानू नये. प्रार्थनेला आला नाही म्हणून रोज संध्याकाळी कुणी अंगणात येऊन चौकशी करणे, आणि पुन्हा ते लिहून ठेवणे, याचा लोकांना जाच होत नसे का? माझ्या घरी असे कुणी आले असते तर मी दिवा मालवून बसलो असतो.

कोरडवाहू

पांदणरस्ता, आमच्या घरी अगदी तेच होत असे. मी त्याच गावचा आहे. काकाजींचा आवाज आला की माझे वडील मागच्या दाराने गोठ्यात जात आणि आई सांगे की ते शेतावर आहेत. काकाजी “बरं” म्हणत आणि जाताना मुद्दाम गोठ्यावरून जात, पण आत डोकावत नसत. तेव्हा आम्हाला याचे हसू येत असे.

तो काळ २००५-०६ चा. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, भाव नव्हता, दुबार पेरणी झाली होती, बँकेचे कर्ज थकले म्हणून सावकाराचे काढले होते, आणि यवतमाळ, अमरावती, वर्धा इकडून रोज एक बातमी येत होती. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, तोवर आमच्या घरी वडिलांनी बोलणे जवळपास थांबवले होते. प्रार्थनेला तर ते कित्येक महिने गेले नव्हते.

त्या उन्हाळ्याच्या अखेरीपासून काकाजींनी अंगणातून विचारणे सोडले आणि ते ओसरीवर येऊन बसू लागले. येताना काजबटनाचे काम पिशवीत घेऊन येत. बसत, सुई ओवून मागत, कारण त्यांना संध्याकाळी नीट दिसत नसे, आणि तासभर काज करत राहत. कर्जाविषयी एक शब्द त्यांनी काढला नाही. वडील समोर खाटेवर पडून असत. एकदा आईने न राहवून काही म्हणायचे आहे का असे विचारले, तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर आमच्या घरात अजून सांगितले जाते: “काही म्हणाले नाही आलो, बसाले आलो.”

त्याच दिवसांत आमच्या घरी फवारणीच्या औषधाचा एक भरलेला डबा होता. काकाजी आईला म्हणाले की त्यांच्या तुरीवर अळी आहे आणि औषध मिळत नाही, म्हणून तो डबा द्यावा. आईने दिला. त्या वेळी कुणाच्याही शेतात तूर उगवलेलीसुद्धा नव्हती, हे आईच्या आणि माझ्या लक्षात फार उशिरा आले. पुढच्या हंगामात, वडील सावरून पुन्हा वखर धरू लागल्यानंतर, काकाजींनी तेवढेच औषध विकत आणून परत केले आणि उशीर झाल्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली.

वडील कसे सावरले, याचे सगळे श्रेय मी काकाजींना देणार नाही. पॅकेजमधून व्याज माफ झाले, मामाजींनी बियाण्याचे पैसे दिले, आणि काकाजींनी वडिलांसोबत बँकेत जाऊन कागद करून घेतले, असे सगळे मिळून ते झाले. पण त्या डब्याचे श्रेय त्यांचेच आहे. तेव्हा जाच होत असे का, या प्रश्नाचे उत्तर असे की होत असे, आणि तो झाला नसता तर हे लिहिताना माझ्या घरात वडील नसते.

बाभूळबन

दादा, तू हा धागा काढलास हे वहिनीकडून कळले. मी काकाजींची मुलगी. तू लिहिलेले सगळे खरे आहे, मात्र पोळ्याच्या पानांविषयी एवढे सांगते की आईला ते पहिल्या वर्षापासून ठाऊक होते, कारण फाडलेले कागद चुलीत तीच घालत असे.

बाबांच्या आठवणी सांगणाऱ्यांना मी नेहमी एक विचारते, म्हणून येथेही विचारते. ते सगळ्यांची हजेरी घेत असताना आईची हजेरी कोण घेत होते? प्रार्थनेची वेळ हीच स्वयंपाकाची वेळ. गुरुकुंजाकडे जाणारे प्रचारक, भजनी मंडळी, कुणाच्या तरी दवाखान्याच्या कामासाठी आलेले नातेवाईक असे रोज तीन-चार पाने जास्तीची असत, आणि बाबा ज्या समुदायाविषयी बोलत त्या समुदायात आई क्वचितच बसलेली दिसे. शेत तर तिनेच सांभाळले. सीतादहीला पहिल्या बोंडांची पूजा ती करी, वेचाईच्या बायांना बोलावणे, काट्यावर कापूस मोजणे, त्यांची मजुरी चुकती करणे हे सगळे तीच पाही, आणि मजुरीचे पैसे कमी पडले तर स्वतःच्या पाटल्या मोडण्याचा निर्णयही तिनेच घेतला. बाबांची वही प्रसिद्ध झाली. आईचा हिशेब भिंतीवर कोळशाने लिहिलेला असे आणि दर दिवाळीला त्यावर चुना लागे.

हा प्रश्न मी बाबांनाही एकदा विचारला होता. ते रागावले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ गप्प राहिले. दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनेला जाण्यापूर्वी सगळे पाणी भरून ठेवू लागले आणि दळण आणू लागले. स्वयंपाक मात्र आईकडेच राहिला. मला वडिलांविषयी अतोनात प्रेम आहे, पण जे झाले नाही ते झाले असे मी म्हणणार नाही.

शेवटचे एक लिहिते, कारण बाहेर ते बाबांच्या नावावर सांगितले जाते. नेत्रदानाचा अर्ज बाबांनी भरला होता हे खरे, पण अर्ज भरून नेत्रदान होत नाही. डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागतात आणि त्यासाठी घरच्यांनी संमती द्यावी लागते. बाबा पहाटे गेले. जमलेल्या नातेवाइकांत पुढच्या जन्मी दृष्टी राहणार नाही असे सांगणारे ज्येष्ठ होते, आणि आम्ही भावंडे रडण्यात होतो. आईने पंखा बंद करायला लावला, बाबांच्या पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली उशी दिली आणि मला वर्ध्याला फोन लावायला सांगितला. पथक येईपर्यंत तिने कापूस कोरडा पडू दिला नाही.

निळी पहाट

मी याच गावचा, आमची वस्ती गावाच्या दक्षिणेला. आमच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली. काकाजींविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि त्या आदरामुळेच धाग्यात राहून गेलेली एक बाजू नोंदवत आहे.

काकाजी दरवर्षी १४ एप्रिलला विहारात येत आणि पुढे बोलावले तरी मागे सतरंजीवर बसत. आदल्या दिवशी विहाराच्या अंगणात झाडू घेऊन आलेले मी त्यांना पाहिले आहे. आमच्या वस्तीतील आजाऱ्यांची चौकशी त्यांच्या वहीत इतरांसारखीच होती, यात शंका नाही. परंतु मंडळाच्या प्रार्थनेत आमच्यातील फार थोडे जात. आमची आमची वंदना होती हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की त्या ओळींत बसणारे सगळेच काकाजी नव्हते, आणि प्रार्थनेत शेजारी बसणारा माणूस पंगतीत शेजारी बसेलच याची खात्री आमच्या मागच्या पिढीला नव्हती.

गावात दोन स्मशाने होती आणि आजही आहेत. काकाजींचा आग्रह होता की शेड बांधायचे तर ते एकच बांधावे आणि ते सगळ्या गावाचे असावे. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत अंत्यसंस्कारावर स्वतंत्र अध्याय आहे आणि दलितसेवेवरही आहे. काकाजींनी हे दोन्ही अध्याय त्या बैठकीत वाचून दाखवले. लोकांनी मान डोलावली, ‘जय गुरु’ म्हटले, आणि शेड वरच्या स्मशानात बांधले. त्यानंतर काकाजींनी मंडळातील सातआठ माणसे घेऊन आमच्या स्मशानाकडे जाणाऱ्या वाटेवर मुरूम टाकला, कारण पावसाळ्यात तिरडी खांद्यावर घेऊन त्या चिखलातून जाणे कठीण होत असे. आमचे शेड पुष्कळ वर्षांनी ग्रामपंचायतीच्या निधीतून झाले. मुरुमासाठी आम्ही त्यांचे ऋणी आहोत. पण ज्या गावाने त्यांची प्रार्थना स्वीकारली त्या गावाने त्यांचे म्हणणे स्वीकारले नाही, आणि त्यांच्या आठवणी काढताना गावाने स्वतःला त्यात सोयीस्कर जागा देऊ नये.

कोरडवाहू

निळी पहाट, त्या बैठकीत माझे वडीलही होते आणि त्यांनीही मान डोलावली होती. आपण लिहिलेत ते योग्यच केलेत.

उपकेंद्रवाली

मी या गावच्या उपकेंद्रात परिचारिका म्हणून पुष्कळ वर्षे काम केले, आता निवृत्त आहे. काकाजींच्या श्रद्धेविषयी मला फार सांगता येणार नाही, कारण मी कधी प्रार्थनेला गेले नाही. त्यांच्या विहिरीविषयी सांगू शकते.

गावात पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ येत असे आणि विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकणे हे ग्रामपंचायतीचे काम होते. प्रत्यक्षात शिपाई मूठभर पावडर वरून फेकून मोकळा होई. पावडर तशीच तळाशी जाते आणि तिचा काही उपयोग होत नाही. काकाजींनी मला योग्य पद्धत विचारली आणि मी सांगितली. एक हजार लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पावडर लागते. त्यासाठी आधी विहिरीत पाणी किती आहे ते काढावे लागते. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करायचा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि ०.७८५ ने गुणायचे, म्हणजे घनमीटर येतात, आणि एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते साधारण २८ हजार लिटर होते आणि त्याला ७० ग्रॅम पावडर पुरते. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली पाऊण भरून ढवळायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली विहिरीत सोडायची आणि वरखाली हलवायची. तासाभराने पाणी वापरायला हरकत नसते.

माणसे हे ऐकून मान हलवतात आणि विसरतात. काकाजी दुसऱ्या दिवशी शिलाईची टेप घेऊन विहिरीवर हजर होते. व्यास त्यांनी टेपने घेतला आणि खोलीसाठी दोराला दगड बांधून हातहातावर गाठी मारल्या. आकडे विहिरीच्या कठड्यावर रंगवून घेतले, त्यामुळे पाणी कोणत्या गाठीपर्यंत आहे ते पाहिले की पावडर किती घालायची ते कुणालाही कळू लागले. पावडरची पिशवी उघडी राहिली की तिचा जोर जातो, हे समजल्यावर त्यांनी ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायला लावली. सकाळच्या रामधूनची फेरी विहिरीपाशी आली की भजन थांबे, मी किंवा आशा ताई पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहणारी ओटी टेस्ट करत असू, तपासणीचे पाणी पिवळे झाले की फेरी पुढे निघे. नाही झाले तर काकाजी फेरी तेथेच थांबवून ग्रामपंचायतीच्या शिपायाला बोलावणे पाठवत. पंचवीस-तीस माणसे टाळ घेऊन विहिरीवर उभी आहेत हे पाहून शिपाई धावत येई. मला तर त्या भजनाचा आरोग्याला झालेला उपयोग एवढाच ठाऊक आहे, आणि तो पुष्कळ होता.

पांदणरस्ता

कोरडवाहू यांचे उत्तर वाचल्यावर माझा प्रश्न मी मागे घेत नाही, पण तो विचारल्याचे समाधान आहे, कारण त्यामुळे ते उत्तर आले. वर्धाकाठ, आता वर्ष होत आले असेल. वर्षश्राद्धाला काय करणार आहात? मंडळाची माणसे तेरवीचे जेवण घालत नाहीत असे ऐकून आहे.

वर्धाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. निळी पहाट यांनी लिहिलेली स्मशानाची हकीकत मला माहीत होती आणि मी ती लिहायला हवी होती. मी गावाबाहेर राहतो, गावावर टीका करायला बाहेरून बसणे मला बरे वाटले नाही, म्हणून टाळले. बाभूळबन हिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण त्या जास्तीच्या पानांवर जेवणाऱ्यांत सुट्ट्यांमध्ये आम्हीही असायचो.

तेरवीविषयी थोडे सांगतो. मंडळात तेरवीच्या खर्चाला विरोध आहे आणि काकाजींनी तर स्वतःच्या आईच्या वेळी गावजेवण न घालता सर्वांची बोलणी खाल्ली होती. त्यामुळे ते गेल्यावर तेरवी झाली नाही. तेराव्या दिवशी फक्त सामुदायिक प्रार्थना झाली आणि ग्रामगीतेचे वाचन झाले. नातेवाइकांतील काही जण त्यामुळे दुखावले आहेत आणि वर्षश्राद्धाला तरी निदान पंगत व्हावी असा त्यांचा आग्रह आहे.

यावर काकूंनी गेल्या महिन्यात निर्णय दिला. वर्षश्राद्धाची तिथी भाद्रपदात येते आणि तेव्हा विहीर तुडुंब असते. काकाजींच्या शेवटच्या दोन वर्षांत विहिरीचा गाळ काढायचा राहिला, त्यामुळे पाणी गढूळ येत आहे, आणि गाळ निघतो तो फक्त वैशाखात, पाणी तळाला गेल्यावर. म्हणून पुण्यस्मरण तिथीवर न करता येत्या वैशाखात विहीर उपसून करावे, असे त्यांनी सांगितले. वैशाखात श्राद्ध कसे होईल, असे विचारायला दोघेतिघे आले होते. त्यांना काकूंनी चहा दिला आणि गाळ काढायला किती माणसे पाठवता ते विचारले.

त्याच दिवशी संध्याकाळी नदीकडच्या आळीची यादी नव्याने करायची आहे, कारण काकाजी गेल्यापासून ती झालेली नाही, आणि त्यात काही नावे अशी आहेत की ज्यांना उचलून आणायचे म्हणून जोडी लिहिलेली आहे त्या जोडीतलाच एक जण आता उचलून आणावा लागेल. कोरडवाहू यांनी ती यादी मोबाइलवर घेण्याचे कबूल केले आहे. उपकेंद्रवाली ताई आल्या तर व्यास आणि खोली पुन्हा मोजता येईल, कारण गाळ काढल्यावर जुने आकडे चालणार नाहीत. निळी पहाट, आपल्या वस्तीतील विहिरीचाही गाळ त्याच दोन दिवसांत काढावा असे आम्हाला वाटते, पण आधी कोणती घ्यायची ते आपण आणि वस्तीतील मंडळींनी ठरवावे.

कप्पी आणि दोर सेंट्रिंगचे काम करणारी गावातील मुले देणार आहेत. मोटर पंप दोन मिळाले आहेत, तिसरा मिळाल्यास बरे होईल. टोपले आणि फावडे ज्याचे त्याने आणावे. दुपारची भाकरीही प्रत्येकाने घरून बांधून आणावी, कारण त्या दिवशी आपण स्वयंपाक करणार नसून विहिरीवर बसणार आहोत, असे काकूंनी स्पष्ट सांगितले आहे.